कर्ण्यासमोरचा जॅझ : किंग ऑलिव्हर यांचा ताफा, एप्रिल १९२३

५ आणि ६ एप्रिल १९२३ या दोन दिवसांत शिकागोच्या एका नृत्यगृहात नेमाने वाजवणाऱ्या सात वादकांनी इंडियाना राज्यातील रिचमंड या लहानशा शहरात जाऊन नऊ रचना ध्वनिमुद्रित केल्या. ताफ्याचे नाव क्रिओल जॅझ बँड, प्रमुख कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखे पितळी फुंकवाद्य) जो ऑलिव्हर, ज्यांना सगळे ‘किंग’ म्हणत, आणि मुद्रण करणारी कंपनी जेनेट. अमेरिकेच्या दक्षिणेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या कृष्णवर्णीय वादकांच्या जॅझचा पहिला भरघोस ध्वनिपुरावा म्हणून या मुद्रिकांकडे पाहिले जाते आणि ते रास्तच आहे. मात्र हा पुरावा नेमका कशाचा, हे तपासल्याशिवाय त्यावरून निष्कर्ष काढण्याची जी सवय जॅझच्या इतिहासलेखनाला लागली, ती या प्रकरणाच्या अभ्यासातून तपासून पाहावी, असा या लेखाचा हेतू आहे. नृत्यगृहात जे वाजत होते तेच तबकडीवर उतरले, असे मानायला या दोन दिवसांचा तपशील फारशी जागा ठेवत नाही.

जॅझची पहिली तबकडी याआधी सहा वर्षे निघाली होती. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यू ऑर्लिन्सच्याच पाच गोऱ्या वादकांच्या ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँडने न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी दोन रचना वाजवल्या. त्यातल्या एकीत क्लॅरिनेटवर कोंबडा आरवतो आणि कॉर्नेटवर घोडा खिंकाळतो. या विनोदी करामतींमुळे ती तबकडी अफाट खपली आणि ‘जॅझ’ हे नाव घरोघरी पोहोचले. ज्यांच्याकडून हे संगीत आले ते कृष्णवर्णीय वादक मात्र मुद्रणकक्षाबाहेरच राहिले. १९२० मध्ये मेमी स्मिथ यांच्या ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या लोकगीतपरंपरेतील गानप्रकार) गायनाच्या तबकडीला मिळालेल्या खपामुळे कृष्णवर्णीय ग्राहक हा स्वतंत्र बाजार आहे, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. १९२२ मध्ये ट्रॉम्बोनवादक किड ओरी यांच्या ताफ्याने कॅलिफोर्नियात थोडे मुद्रण केले, पण त्या तबकड्या फार दूर पोहोचल्या नाहीत. ऑलिव्हर यांच्या वाट्याला आलेली संधी ही अशी उशिरा आणि बाजाराच्या वाटेने आलेली होती.

लिंकन गार्डन्समधील ताफा

ऑलिव्हर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्स सोडून शिकागोला आले. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या स्थलांतराचा तो काळ होता. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९१० च्या जनगणनेत ४४,१०३ होती, ती १९२० मध्ये १,०९,४५८ झाली. कत्तलखान्यांत आणि कारखान्यांत राबून आठवड्याचा पगार हाती घेणारा हा वर्ग शहराच्या दक्षिण भागात दाटीवाटीने राहत होता. १९१९ च्या जुलैत त्याच शहरात भीषण वांशिक दंगल झाली. करमणुकीची ठिकाणेही त्यामुळे बहुतांशी याच वस्तीच्या आत वाढली.

एकतिसाव्या रस्त्यावरील लिंकन गार्डन्स हे त्यांतले मोठे नृत्यगृह. कॅलिफोर्नियाचा दौरा आटोपून ऑलिव्हर १९२२ च्या उन्हाळ्यात तिथे रुजू झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्सहून एकवीस वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगला दुसरा कॉर्नेटवादक म्हणून बोलावून घेतले. क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स, ट्रॉम्बोनवर ऑनोरे डुट्रे, बासवर ताफ्यातले सर्वांत वडील बिल जॉन्सन आणि पियानोवर लिल हार्डिन. शास्त्रशुद्ध संगीतशिक्षण घेतलेल्या लिल हार्डिन एवढ्याच. बाकीच्यांची शाळा म्हणजे मिरवणुका, नृत्याचे कार्यक्रम आणि आर्मस्ट्राँगच्या बाबतीत मिसिसिपी नदीवरच्या जहाजांवरची नोकरी.

एका ताफ्यात दोन कॉर्नेट हे तेव्हा नेहमीचे नव्हते. मुख्य सुरावट कॉर्नेटने सांभाळायची, क्लॅरिनेटने तिच्यावरून वेलबुट्टी काढायची आणि ट्रॉम्बोनने खालून आधार द्यायचा, ही न्यू ऑर्लिन्सची वाटणी. तीत दुसऱ्या कॉर्नेटला जागा शोधावी लागे. ती जागा ऑलिव्हर यांनी प्रामुख्याने ‘ब्रेक’मध्ये शोधली. ब्रेक म्हणजे सगळा ताफा एकदम थांबतो आणि दोन खंडांपुरती, म्हणजे आठ मात्रांपुरती, जागा एकदोघांसाठी मोकळी सुटते. तिथे हे दोघे आयत्या वेळी सुचल्यासारखी तान स्वरसंवादात, एकमुखाने वाजवत. ऐकणाऱ्यांना तो चमत्कार वाटे. युक्ती अशी होती, की पुढच्या ब्रेकमध्ये काय येणार ते ऑलिव्हर काही खंड आधीच आर्मस्ट्राँगकडे झुकून कॉर्नेटच्या कळा दाबून सुचवत आणि आर्मस्ट्राँग तेवढ्या अवधीत त्याला जुळणारा दुसरा स्वर मनात बसवी. हे संकेत प्रेक्षकांना दिसत नसत. शहरातले तरुण गोरे वादक ते उलगडण्यासाठी तिथे येऊन बसत आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे आपल्या आठवणींत या नृत्यगृहाचा उल्लेख गुरुकुलासारखा केला आहे.

या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे कालावधीची. नाचणारे थांबत नाहीत तोवर रचना थांबवायचे कारण नसे. आवर्तनामागून आवर्तन वाजत राही आणि एकच रचना घड्याळाच्या हिशेबात बरीच लांबे. लयही नाचणाऱ्यांच्या पायांवर ठरे. नृत्यगृहातल्या ताफ्याचे काम लोकांना नाचते ठेवणे हे होते आणि वादनातली कल्पकता या कामाच्या आत राहून फुलत होती. ते काम बाजूला काढून जे उरते त्याला आज आपण ‘रचना’ म्हणतो.

रिचमंडचा कक्ष

जेनेट ही स्वतंत्र कंपनी नव्हे, तर स्टार पियानो कंपनीचा ध्वनिमुद्रण विभाग. व्हाइटवॉटर नदीच्या घळीत पियानोचा मोठा कारखाना होता आणि त्याच्या आवारातच एका साध्या इमारतीत मुद्रणकक्ष थाटलेला होता. व्हिक्टरसारख्या बलाढ्य कंपनीशी तबकडीच्या खाचेच्या पद्धतीवरून झालेला एकस्वाचा (पेटंटचा) खटला जेनेटने नुकताच जिंकला होता. बड्या नावांना परवडेल एवढे मानधन देण्याची ऐपत नसल्याने कंपनीचा डोळा अजून कोणी न बांधलेल्या वादकांवर असे. शिकागोतील स्टारच्या दुकानाचे व्यवस्थापक फ्रेड विगिन्स यांनी अशी माणसे हेरून रिचमंडला कळवण्याचे काम केले. न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्ज हा गोरा ताफा त्याच वाटेने १९२२ मध्ये रिचमंडला आला होता. त्या काळात इंडियानात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा मोठा जोर होता आणि जेनेटने पैसे घेऊन क्लॅनच्या तबकड्याही छापून दिल्या. कंपनीच्या दृष्टीने दोन्ही धंदाच होता. त्यापलीकडे त्यात उदारमतवाद शोधू नये.

कक्षाजवळूनच रेल्वेचे रूळ जात. गाडी आली की मुद्रण थांबवावे लागे. भिंतींवर आवाज शोषणारे जाड पडदे होते. मेणाच्या चकत्या मऊ राहाव्यात म्हणून त्या उबदार ठेवाव्या लागत, त्यामुळे खोलीतही उकाडा असे.

यंत्रणा तेव्हा पूर्णपणे यांत्रिक होती. विजेवर चालणारा मायक्रोफोन १९२५ मध्ये आला, त्याआधी वादक एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी वाजवत. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा बसवलेला असे, पडद्याला सुई जोडलेली असे आणि आवाजाच्या दाबाने हलणारी ही सुई फिरत्या मेणावर खाच कोरीत जाई. आवाज वाढवणारे दुसरे काहीही मध्ये नव्हते. त्यामुळे संतुलन साधण्याचा एकच उपाय उरे : कोणाला कर्ण्याजवळ आणि कोणाला लांब उभे करायचे. मेणावर कोरलेले लगेच ऐकून पाहिले तर ती चकती पुढच्या साच्यासाठी निकामी होई, म्हणून ‘पुन्हा ऐकून सुधारू’ ही सोयही नव्हती.

या यंत्राला सगळी वाद्ये सारखी मानवत नसत. मधल्या पट्टीतील थेट आवाज, म्हणजे कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि बँजो, त्यावर स्वच्छ उमटे. पियानो दबे. बासचे खालचे स्वर जवळजवळ उमटतच नसत. आणि मोठ्या ड्रमचा एक दणका सुईला खाचेबाहेर भिरकावण्याइतका जोरकस ठरू शके. ही अडचण न्यू ऑर्लिन्सच्या ताफ्याच्या बाबतीत साधी नव्हती, कारण त्याचा सगळा डोलारा लयविभागावर, म्हणजे ड्रम, बास, पियानो यांवर, उभा असतो. बिल जॉन्सन हे मूळचे बासवादक. या मुद्रिकांत ते बँजो वाजवतात. बेबी डॉड्स यांना त्यांचा नेहमीचा ड्रमसंच वापरता आला नाही, त्यांचे वादन मुख्यतः लाकडी ठोकळ्यांच्या टकटकीपुरते उरले. ज्याच्या हातात अख्ख्या नृत्यगृहाची लय असे, त्या वादकाचा तबकडीवरचा वाटा हा इतका.

कालावधीचे बंधन तर उघडच आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. रात्रभराच्या मैफलीतला ख्याल तीन मिनिटांच्या तबकडीत बसवताना आपल्याकडे १९०२ पासून गौहरजान आणि त्यांच्या पिढीच्या गायकांनी जे केले, तेच इथे झाले असे म्हणता येईल. फरक असा, की गायक निदान काय ठेवायचे ते स्वतःपुरते ठरवू शकत होता. ऑलिव्हर यांना सात जणांचा हिशेब एकत्र बसवायचा होता.

एका रचनेची दोन मुद्रणे

हा हिशेब कसा बसवला गेला, हे ६ एप्रिलला मुद्रित झालेल्या ‘डिपर माउथ ब्लूज’वरून उत्तम दिसते. बारा खंडांचे आवर्तन असलेली ही ब्लूज रचना. लहानशा प्रारंभानंतर सगळा ताफा दोन आवर्तने एकत्र वाजवतो. मग जॉनी डॉड्स यांची क्लॅरिनेटवर दोन आवर्तने. त्या वेळी बाकीचे वादक सलग साथ न करता ठरावीक मात्रांवर एकत्र ठोका देऊन थांबतात. पुन्हा एक सामूहिक आवर्तन आणि त्यानंतर ऑलिव्हर यांचे प्रसिद्ध तीन आवर्तनांचे एकलवादन, म्यूट (आवाज दबवणारे झाकण) लावून, कॉर्नेटच्या तोंडाशी हात उघडमिट करून त्याला जवळजवळ बोलायला लावणारे. तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी ताफा एकदम थांबतो, एक माणूस मोठ्याने ओरडून वादनाला चेव देतो आणि शेवटचे सामूहिक आवर्तन सुरू होते. या ओरडण्याबद्दल बेबी डॉड्स यांची आठवण अशी, की तिथे आपला ब्रेक होता, आपण तो विसरलो आणि बिल जॉन्सन यांनी ओरडून ती रिकामी जागा भरून काढली.

आठवण सुंदर आहे आणि ती खरी असायला हरकत नाही. पण त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोत ओके कंपनीसाठी ताफ्याने ही रचना पुन्हा मुद्रित केली, तेव्हाही ती आरोळी त्याच ठिकाणी आहे. योगायोगाने घडलेली गोष्ट अडीच महिन्यांत रचनेचा भाग झाली होती. याहून महत्त्वाचे म्हणजे ऑलिव्हर यांचे एकलवादन दोन्ही मुद्रणांत मूळ आराखड्यात एकच आहे : तीच तीन आवर्तने, तीच चढण. बारकावे बदलतात, बांधणी बदलत नाही. सुरुवातीचा जॅझ म्हणजे ज्याला त्या क्षणी जे सुचेल ते, ही समजूत या दोन तबकड्या शेजारी ठेवून ऐकल्यावर टिकत नाही. बांधून, घासूनपुसून पक्के केलेले वादन पुन्हा वाजवण्यात या वादकांना कमीपणा वाटत नव्हता. उलट तीच कारागिरी मानली जाई. ५ एप्रिलच्या ‘चाइम्स ब्लूज’मधील आर्मस्ट्राँगचे वादन हे त्याचे पहिले मुद्रित एकलवादन म्हणून गाजते, तेही मुख्यतः ठरलेली धून दोन आवर्तने वाजवणे एवढेच आहे. पुढच्या आर्मस्ट्राँगची चाहूल तिथे धुनीपेक्षा तिच्या उच्चारात, स्वर किंचित मागे रेंगाळवून मग ठामपणे टाकण्यात लागते.

इथे एक प्रतिप्रश्न घ्यायला हवा. दोन्ही मुद्रणांतले साम्य हे वादकांच्या पद्धतीमुळे, की कर्ण्यासमोरच्या शिस्तीमुळे? पहिले मुद्रण खपले असेल तर कंपनीला आणि ग्राहकाला दुसऱ्यातही तेच हवे असणार. माझ्या मते दोन्ही कारणे खरी आहेत आणि ती वेगळी काढणे या पुराव्यावरून शक्य नाही. लिंकन गार्डन्समध्ये ऑलिव्हर तीन आवर्तने वाजवून थांबत होते की दहा, हे तबकडी सांगत नाही. ती एवढेच सांगते, की तीनच वाजवायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोणती तीन निवडली.

रिचमंडविषयीची सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट आर्मस्ट्राँगची आहे. त्याचा आवाज इतका भरदार होता, की शेजारी उभ्या ऑलिव्हर यांना तो झाकून टाकी, म्हणून त्याला कर्ण्यापासून बरेच दूर, कोपऱ्यात उभे करावे लागले, असे लिल हार्डिन यांनी पुढे सांगितले. तो तिथे खिन्न दिसत होता, असेही. लिल हार्डिन प्रत्यक्ष हजर होत्या आणि पुढे आर्मस्ट्राँगच्या पत्नी झाल्या, तेव्हा साक्ष सहज नाकारता येत नाही. तरीही ती जपून वापरावी. गुरूपासून दूर उभा केलेला शिष्य हे चित्र आर्मस्ट्राँग जगप्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात अर्थपूर्ण ठरलेले आहे. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये एकट्याने वाजवताना आणि ‘स्नेक रॅग’च्या ब्रेकमध्ये ऑलिव्हर यांच्या जोडीने वाजवताना त्याचा कॉर्नेट पुरेसा जवळ आणि स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे जागा गरजेप्रमाणे बदलत असणार. तांत्रिक तडजोडीला नंतर भाग्यरेषेचे रूप दिले गेले, असे मला वाटते.

तबकडीचे परिणाम

१९२३ या एका वर्षात क्रिओल जॅझ बँडने जेनेट, ओके, कोलंबिया आणि पॅरामाउंट या चार कंपन्यांसाठी मुद्रण केले. नृत्यगृहात मिळणाऱ्या पगाराच्या जोडीला आता मुद्रणाचे पैसे येऊ लागले आणि त्यांचा हिशेब प्रमुखाच्या हाती होता. त्यावरून अविश्वास वाढला. १९२४ च्या सुरुवातीला डॉड्स बंधू बाहेर पडले. त्याच वर्षी लिल हार्डिन यांच्या आग्रहावरून आर्मस्ट्राँगनेही ताफा सोडला आणि शरद ऋतूत तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात गेला. त्या वर्षीच्या नाताळात लिंकन गार्डन्सला आग लागली. ज्या ताफ्याला आपण जॅझच्या आरंभकाळाचा आदर्श मानतो, तो या स्वरूपात दोन वर्षेही टिकला नाही.

तबकड्या मात्र पसरल्या आणि त्यांच्यातल्या उणिवाही शैली म्हणून पसरल्या. १९४० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत लू वॉटर्स यांनी याच ताफ्याचा आदर्श ठेवून दोन कॉर्नेटांचा वृंद उभारला आणि त्यातून जुन्या जॅझच्या पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली. त्या लाटेतल्या ड्रमवादकांनी लाकडी ठोकळ्यांची टकटक ही न्यू ऑर्लिन्सची खूण म्हणून उचलली. बेबी डॉड्स तेव्हा हयात होते आणि आपण पूर्ण ड्रमसंचावर काय वाजवत असू, हे त्यांनी १९४० च्या दशकात स्वतः वाजवून मुद्रितही करून ठेवले. तरी १९२३ च्या तबकडीचा प्रभाव जिवंत माणसाच्या साक्षीपेक्षा जास्त ठरला. ज्यांना मूळ वादन कानी पडण्याची शक्यता नव्हती, त्यांचे तर तबकडी हेच शिक्षण होते. मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात जे जॅझ वाजू लागले, त्यात शिकागोचा थेट धागाही होता : पियानोवादक टेडी वेदरफर्ड शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगसोबत वाजवून मग आशियात आले होते. मात्र त्यांच्याभोवती जमलेल्या गोव्याच्या वादकांना चर्चच्या शाळेतील शिक्षणाने नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, दिले, तर जॅझचा उच्चार बराचसा तबकड्यांनीच दिला.

मूळ मुद्रिका ऐकणाऱ्याने आणखी एक अडचण लक्षात ठेवावी. त्या काळी चकती नेमक्या किती वेगाने फिरवून मुद्रण केले, याची खात्री देता येत नाही आणि वेग थोडा चुकला तरी स्वर अर्ध्या पायरीने वर किंवा खाली सरकतो. आजचे संपादक कॉर्नेटला सोयीची पट्टी कोणती, यावरून अंदाजाने वेग ठरवतात. शिवाय बहुतेक पुनर्मुद्रणे जुन्या, घासलेल्या प्रतींवरून केलेली आहेत. लयीबद्दल, विशेषतः नृत्यगृहातल्या लयीबद्दल, या तबकड्यांवरून केलेली ठाम विधाने म्हणूनच सावधपणे घ्यायला हवीत.

‘डिपर माउथ ब्लूज’चा प्रवास पुढेही चालू राहिला. मे १९२५ मध्ये हेंडरसन यांच्या वाद्यवृंदाने ती ‘शुगर फूट स्टॉम्प’ या नावाने मुद्रित केली. वाद्यवृंद मोठा, सॅक्सोफोनांचा विभाग वेगळा, बांधणी लिहून काढलेली. पण कॉर्नेटचे एकलवादन आर्मस्ट्राँगचे आणि ती तीन आवर्तने जवळजवळ ऑलिव्हर यांचीच, शेवटच्या आरोळीसकट. वर्षभराने, मे १९२६ मध्ये, ऑलिव्हर यांनी स्वतःच्या डिक्सी सिंकोपेटर्स या नव्या ताफ्याबरोबर त्याच नव्या नावाने ही रचना व्होकॅलियन कंपनीसाठी वाजवली. आता मुद्रण विजेवर चालणारे होते. रिचमंडच्या कर्ण्याने गिळलेला तळ इथे बर्ट कॉब यांच्या ट्युबाच्या (खर्जातल्या मोठ्या पितळी फुंकवाद्याच्या) रूपाने ठसठशीत ऐकू येतो, आणि त्या पायावर ऑलिव्हर पुन्हा तेच एकलवादन वाजवतात.